एकोणचाळीस: एका कृतिसंशोधनाची वही

१ जुलै २०२४, सोमवार

इच्छुक शिक्षकांनी कृतिसंशोधनाचा (आपल्याच वर्गातली अडचण शोधून, उपाय करून, परिणाम तपासायचा) आराखडा पाठवावा, असं डाएटचं, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचं, पत्र केंद्रप्रमुखांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. खाली चौदा अंगठे आले. आराखडा कोणी पाठवणार नाही हे अंगठा देणाऱ्यांनाही ठाऊक आहे. मी पाठवणार आहे. का, ते इथे लिहून ठेवते, म्हणजे मधेच कंटाळा आला तर वाचता येईल.

डी.एड.ला असताना मी एक कृतिसंशोधन ‘केलं’ होतं. विषय शुद्धलेखन. पूर्वचाचणी सरासरी ४१ टक्के, उत्तरचाचणी ८४ टक्के. दोन्ही चाचण्यांचे तीस-तीस मुलांचे गुण मी खोलीवर बसून एका रात्रीत भरले. खरं वाटावं म्हणून दोन मुलांचे गुण मुद्दाम कमी केले. मार्गदर्शकांनी त्यावर ‘उत्तम’ शेरा मारला. त्या वर्गातल्या मुलांनी ऱ्हस्व-दीर्घाचं काय केलं, मला आजतागायत माहीत नाही.

आता पाटोदा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीचा वर्ग आहे, पट २४. यंदा आकडे मी भरायचे नाहीत. एवढं जमलं तरी पुरे.

९ जुलै, मंगळवार

शीर्षक पाठवलं: ‘इयत्ता तिसरीच्या विद्यार्थ्यांना संख्यालेखनात येणाऱ्या अडचणींचा शोध घेऊन त्यावर उपाययोजना करणे.’ अंबाजोगाईच्या डाएटमधल्या अधिव्याख्याता सरांचा फोन आला. म्हणाले, “मॅडम, यात सगळं आहे, म्हणजे काहीच नाही. कोणत्या संख्या? बोललेली ऐकून लिहिताना की बघून? अडचण आहे हे तुम्हाला कशावरून कळलं?”

मी म्हटलं, “रोज बघते ना सर.”

“बघता, पण मोजता का?”

राग आला. चौदा वर्षं शिकवतेय. वह्या तपासताना मुलं काय लिहितात हे मला मोजून कळायचं आहे का?

पण मग स्वतःलाच विचारलं, कोणत्या संख्या सगळ्यात जास्त चुकतात? मी छातीठोक म्हटलं असतं की मुलं उलटं लिहितात. आपण ‘तेवीस’ म्हणतो तेव्हा तीन आधी येतात आणि वीस मागून. म्हणून मुलं २३ चे ३२ करतात. मग हीच माझी परिकल्पना. नवं शीर्षक: ‘ऐकलेल्या दोन अंकी संख्या लिहिताना होणारी अंकांची अदलाबदल.’ सर म्हणाले, “आता मोजता येईल.”

१६ जुलै, मंगळवार

पहिली चाचणी वाया गेली.

वीस संख्या सांगायच्या होत्या. मी सांगत गेले, मुलं लिहीत गेली. फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता, तो रात्री ऐकला आणि लाज वाटली. सोप्या संख्या मी एकदा म्हणते, अवघड दोनदा. ‘एकोणसाठ’ तीनदा म्हटलंय, तिसऱ्यांदा तोडून: “ए-को-ण, साठ, नीट ऐका हं.” मधेच एका मुलीला “अगं, बघ परत” म्हणाले आहे. म्हणजे तिची पाटी दिसली, चूक दिसली आणि हात शिवशिवला. तिने खोडून बरोबर लिहिलं असणार. तो गुण तिचा की माझा?

पुन्हा घ्यायची. संख्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. दुसरीच्या मॅडमच्या आवाजात प्रत्येक संख्या दोनदा, मधे सारखी विश्रांती, असं रेकॉर्ड केलं. मुलांना ‘बाईंचा रेडिओ’ म्हणून ऐकवणार. मी मागच्या भिंतीजवळ उभी राहणार, हात पाठीमागे बांधून.

१९ जुलै, शुक्रवार

चाचणी झाली. मुलांची नावं काढून वि-१ ते वि-२४ असे क्रमांक दिले. नावांची यादी कपाटात कुलपात. हे क्रमांक मला आधी सरकारी वाटले होते, पण एक फायदा लगेच दिसला. वि-५ ची पाटी तपासताना ‘हा तर हुशार आहे, घाईत चुकला असेल’ असं मनात आलं नाही. नाव असतं तर आलं असतं.

२१ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा. सकाळपासून मोजते आहे.

२४ मुलं, २० संख्या, ४८० उत्तरं. चुकलेली १४२. त्यात अंकांची अदलाबदल फक्त ९.

पुन्हा मोजलं. ९ च. ६७ चे ७६ करणारी तीन मुलं, बाकी तुरळक.

माझी परिकल्पना एका रविवारात आडवी झाली. आणि चुका गेल्या कुठे? यादीत १९ पासून ८९ पर्यंतच्या आठही ‘एकोण’वाल्या संख्या होत्या. त्यांची एकूण उत्तरं १९२, चुकलेली ९७. म्हणजे निम्म्याहून जास्त. उरलेल्या १२ संख्यांच्या २८८ उत्तरांत चुका ४५. त्यातही १४ एकट्या नव्व्याण्णवच्या.

हे मला ‘माहीत’ होतं. एकोणवाल्या संख्या चुकतात हे कुठल्याही शिक्षकाला माहीत असतं. पण विचारलं असतं तर मी पहिलं उत्तर अदलाबदलीचं दिलं असतं, कारण त्याची चर्चा ऐकलेली होती.

२८ जुलै, रविवार

चर्चा म्हणजे २०१९ ची. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात तेवीसबरोबर ‘वीस तीन’, सत्तावन्नबरोबर ‘पन्नास सात’ असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की मराठीत बोलायचा क्रम आणि लिहायचा क्रम उलटा आहे, शिवाय ब्याण्णव-त्र्याण्णवसारखी जोडाक्षरं लहान मुलांना जड जातात. मी तेव्हा शिक्षक-खोलीत त्यांची टिंगल करणाऱ्यांत होते. त्यांचा एकही लेख न वाचता.

आता ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ लिहायचा म्हणून वाचते आहे. इंग्रजी लेखाच्या एका पानाला मला तास लागतो. जर्मन भाषेतही आपल्यासारखंच, तीन-आणि-वीस. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवर २००९ साली एक अभ्यास छापून आला, त्यात जवळपास निम्म्या चुका अदलाबदलीच्या निघाल्या. चेक भाषेत तर दोन्ही पद्धती चालतात. तिथे त्याच मुलांना दोन्हींनी संख्या सांगून पाहिल्या, तर उलट्या क्रमात चुका जास्त. आणि नॉर्वेने १९५१ च्या जुलैपासून सरकारी निर्णय करून बोलण्याचा क्रमच बदलला. कारण शाळा नव्हे, टेलिफोन! नंबर सांगताना घोटाळे होत म्हणून टेलिफोन खात्याने आग्रह धरला. म्हातारी माणसं मात्र पुढेही जुनंच म्हणत राहिली. हे वाचून मला फार बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

मग आपल्याकडे अदलाबदल इतकी कमी का? माझा अंदाज: ‘तेवीस’मध्ये मुलाला ‘तीन’ ऐकूच येत नाही. जर्मन मूल ‘तीन आणि वीस’ असे सुटे शब्द ऐकतं. आपलं मूल तेवीस हा एकसंध गोळा पाठ करतं, ‘टेबल’सारखा. तोडायला काही नाही, म्हणून उलटायलाही काही नाही. ‘एकोण’मध्ये मात्र तुकडे स्पष्ट ऐकू येतात, आणि तेच फसवतात. हा अंदाज आहे. मोठ्या अक्षरात लिहून ठेवते, अंदाज.

६ ऑगस्ट, मंगळवार

९७ चुकांचे प्रकार पाडले. एकोणचाळीसचे ४९ करावेत तसा एक प्रकार (५२ वेळा), ४१ करावेत तसा दुसरा (२७ वेळा), बाकी १८ ‘इतर’. सर म्हणाले, “दुसऱ्या कोणाकडून तेच प्रकार स्वतंत्रपणे पाडून घ्या. तुमचं वर्गीकरण बघू देऊ नका.”

दुसरीच्या मॅडमना मधल्या सुट्टीत चहा पाजून बसवलं. वीस चुका दिल्या. चौदांवर एकमत, सहांवर नाही. मी ‘इतर’मध्ये टाकलेलं ‘१४०’ त्यांनी ‘एक आणि चाळीस’ म्हणून दुसऱ्या प्रकारात टाकलं. एक आणि चाळीस, १ आणि ४०, शेजारी शेजारी! त्यांचं बरोबर होतं. मी ‘काहीही लिहिलंय’ म्हणून पुढे गेले होते. ‘इतर’ ही टोपली मी कंटाळ्यासाठी वापरली, हे कबूल करून नियम पुन्हा लिहिले. आता ४९ च्या जातीचे उरले ५२ च, ४१ च्या जातीचे झाले ३३, इतर १२.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

मुलाखती. एकेका मुलाला व्हरांड्यात बसवून त्याचीच चूक दाखवायची आणि ‘हे कसं लिहिलंस?’ एवढंच विचारायचं. चूक आहे हे सांगायचं नाही.

मला हे जमत नाही. रेकॉर्डिंग ऐकलं तर प्रश्न विचारून मीच बोलते. “कसं लिहिलंस? चाळीस ऐकलंस म्हणून चार लिहिलेस ना?” मूल म्हणतं, “हो.” झाली मुलाखत.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंचं १९७४ सालचं काम वाचलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि ‘माहीत नाही’ म्हणणं कमी होतं. तीन सेकंद म्हणजे काय मोठं, असं वाटलं होतं. व्हरांड्यात मुलासमोर गप्प बसून एक, दोन, तीन मोजून बघावं. घाम फुटतो.

३० ऑगस्ट, शुक्रवार

वि-१४. एकोणपन्नासचे ५१ लिहिले होते. विचारलं. गप्प. मी मनात मोजत राहिले, पाचापर्यंत गेले. मग तो म्हणाला, “एकूण पन्नास. एकूण म्हंजी मिळवायचं ना मॅडम? एक आन् पन्नास.”

मी जागीच थंड झाले. आमच्याकडे सगळे ‘एकुणतीस, एकुणचाळीस’ असंच म्हणतात, मीही. आणि गणिताच्या पुस्तकात बेरजेच्या प्रत्येक उदाहरणाखाली काय असतं? ‘एकूण किती?’ मीच फळ्यावर शिकवलंय: एकूण दिसलं की बेरीज. मुलाने माझं शिकवलेलं तंतोतंत पाळलं आहे.

रात्री शब्दकोश काढला. एकोण, मूळ संस्कृत एकोन, एक + ऊन. ऊन म्हणजे कमी. आपलं वजाबाकीचं ‘उणे’ त्याच घरातलं. एकोणचाळीस म्हणजे एक उणे चाळीस. चौदा वर्षं मी ही संख्या शिकवते आहे आणि ती वजाबाकी आहे हे मला आज कळलं. ‘पावणेदोन’ही तसंच, पाव उणे दोन. मराठी मोजणाऱ्याला पुढचा टप्पा गाठून एक पाऊल मागे यायची जुनी खोड दिसते. नव्व्याण्णव तेवढं सुटलं. ते ‘एकोणशंभर’ झालं नाही.

आणखी पाच मुलांना विचारलं. दोघांनी ‘एकूण’ हेच कारण दिलं. बाकीचे “असंच” म्हणाले. ‘असंच’ हेही उत्तर म्हणून नोंदवलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

सरांशी फोनवर तासभर. मी सांगितलं, सगळ्यात जास्त चुकणारी दहा मुलं घेते, त्यांच्यावर उपाय करते. सर म्हणाले, “काही न करताही ती दहा मुलं वर येतील.” मला कळेना. त्यांनी विचारलं, चाचणीच्या दिवशी कोणी आजारी होतं? होतं, वि-३ ला ताप होता. “मग तो खालच्या दहांत आला असेल. पुढच्या वेळी ताप नसेल, गुण वाढतील, आणि तुम्ही म्हणाल माझा उपाय लागू पडला.” टोकाचे निवडले की ते पुढच्या खेपेला मधल्याकडे सरकतात. गाल्टनने १८८६ साली हे उंचीच्या बाबतीत दाखवलं होतं: फार उंच आईबापांची मुलं सरासरीच्या बाजूला झुकतात. डी.एड.च्या नोट्समध्ये हे कुठेच नव्हतं. तिथे कृतिसंशोधनाचे जनक कोण, एवढं एका गुणाला होतं.

म्हणून सगळा वर्ग घ्यायचा. पण मग तुलना कोणाशी? अर्ध्या वर्गाला शिकवायचं आणि अर्ध्याला नाही, हे मी करणार नाही म्हणून सांगितलं. सर म्हणाले, “मुलं वेगळी करता येत नसतील तर संख्या वेगळ्या करा.” झकास. २९, ३९, ४९, ५९ शिकवायच्या. ६९, ७९, ८९ ला हात लावायचा नाही. नंतर दोन्ही तपासायच्या.

ऑक्टोबर

काही झालं नाही. प्रशिक्षण, संकलित मूल्यमापन, निवडणुकीची तयारी, दिवाळी.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल मतदान झालं. मी मतदान अधिकारी होते, बोटाला शाई लावायला. शेजारचे अधिकारी यादीतला क्रमांक मोठ्याने वाचत आणि उमेदवारांचे प्रतिनिधी आपापल्या यादीत खूण करत. “सहाशे एकोणऐंशी.” एका प्रतिनिधीचं पेन थांबलं. “सर, सात नऊ का आठ नऊ?” चाळिशीचा माणूस. वही घरी होती, म्हणून तळहातावर लिहून आणलं.

आज वर्गात १८ मुलं. सहा गेली, आईबापांबरोबर ऊसतोडीला. काही टोळ्या मतदान करून रात्रीच निघाल्या. दोघांच्या आज्यांना हंगामी वसतिगृहाचं (आईबाप तोडीला गेले तरी मुलांनी मागे राहायची सोय) विचारलं होतं, पण धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठं मूल लागतंच, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

संशोधनाच्या भाषेत याला न्यादर्शाची (अभ्यासासाठी घेतलेल्या मुलांची) गळती म्हणतात. गेलेल्या सहांची जुलैची उत्तरं काढली: ४८ पैकी २९ चूक, साठ टक्के. राहिलेल्या अठरांची: १४४ पैकी ६८, सत्तेचाळीस टक्के. म्हणजे ज्यांना जास्त गरज होती तीच मुलं गळाली. आता जुलैच्या २४ ची जानेवारीच्या १८ शी तुलना केली तर मी काहीही न शिकवता वर्ग सुधारलेला दिसेल. तुलना फक्त अठरांचीच अठरांशी करायची. आणि त्या सहांचं काय, यासाठी अहवालात रकाना नाही. ‘मर्यादा’ या मथळ्याखाली एक ओळ लिहिता येते.

२ डिसेंबर, सोमवार

उपाय सुरू. गणितमाळ, शंभर मण्यांची, दहा लाल दहा पांढरे. तिसापर्यंत चिमटा न्यायचा, मग एक मणी मागे. “एक उणे तीस, एकोणतीस.” उच्चार मी स्वतः सुधारला, ‘एकुण’ म्हणायचं नाही. जीभ वळत नाही. मुलं मला पकडतात: “मॅडम, तुम्ही एकुण म्हन्ल्या!”

रोज पंधरा मिनिटं, दोन आठवडे.

१३ डिसेंबर, शुक्रवार

मुलांना खेळ फार आवडला. “मागं, मागं!” असं ओरडतात. वि-९ मधल्या सुट्टीत येऊन म्हणाली, “मॅडम, एकोणसत्तर पन तसंच असंल ना?” सत्तरला हात लावायचा नव्हता! शिक्षिका म्हणून तिला मिठी मारावीशी वाटली, संशोधक म्हणून माझी तुलना बिघडली. “तुला काय वाटतं?” म्हटलं आणि निसटले. दहा मिनिटांत ती चार जणींना समजावत होती.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

उत्तरचाचणी. त्याच वीस संख्या, नव्या चिठ्ठ्या, तोच रेडिओ. चार आठवडे मुद्दाम मधे जाऊ दिले. मी मागच्या भिंतीला.

१२ जानेवारी, रविवार

अठरा मुलं, एकोणवाली १४४ उत्तरं. आधी चूक ६८, आता २१.

शिकवलेल्या चार संख्यांत ७२ पैकी ३८ चुका होत्या, त्या ८ झाल्या. न शिकवलेल्या तिघींत ५४ पैकी २७ च्या १२ झाल्या. उरली एकोणीस, तिथे ३ ची १ झाली. न शिकवलेल्याही सुधारल्या, तर ती वि-९ ची कृपा, मुलांनी स्वतः ताडलेलं, की सहा महिन्यांत वर्ग मोठा झाला म्हणून? या आकड्यांतून मला ते वेगळं काढता येत नाही. दोन्हींतला फरक माझ्या बाजूने आहे, एवढंच म्हणता येईल.

तरी नाचावंसं वाटलं. चहा केला. मग उरलेल्या बारा संख्या तपासायला घेतल्या, नुसत्या पूर्ततेसाठी.

एकतीस: २९.
एकेचाळीस: ३९.
पुन्हा एकतीस: २९.

एकतीस, एकेचाळीस, एकसष्ट या तीन संख्यांची ५४ उत्तरं. जुलैत ४ चुकली होती, आता १३. त्यांतल्या ११ ठिकाणी मुलांनी दशकात एक मिळवायच्या ऐवजी एक काढलाय.

चहा गार झाला. हे मी केलं आहे. जी संख्या मुलांना येत होती ती मी बिघडवली.

१३ जानेवारी, सोमवार

वि-६, एकेचाळीसचे ३९ लिहिणारी. “कसं लिहिलंस गं?” एक, दोन, तीन.

“पुढं एक हाय ना. एक आला की मागं जायचं.”

दोन आठवडे गणितमाळेवर फक्त मागे जाणंच होतं. पुढे जाणाऱ्या ‘एक’शी शेजारी ठेवून तुलना मी एकदाही केली नाही. एकतीस आणि एकोणतीस, तिसाच्या दोन बाजूंचे दोन मणी, एकाच दिवशी दाखवायला हवे होते.

५ फेब्रुवारी, बुधवार

अहवालाचा मसुदा केंद्रप्रमुखांना दाखवला. मनाने चांगले आहेत. म्हणाले, “मॅडम, अडुसष्टवरून एकवीस म्हणजे जबरदस्त. टक्केवारी पहिल्या पानावर घ्या. ते एकतीसचं कशाला उगाच? विषय तुमचा एकोणचा आहे.”

तर्क बिनचूक आहे. विषय एकोणचाच आहे. त्या ११ चुका विषयाबाहेरच्या संख्यांत आहेत, वगळल्या तर खोटं काहीच होत नाही. डी.एड.च्या रात्रीसारखं आकडे भरणं नाही हे, फक्त एक तक्ता कमी. घरी येताना स्कूटीवर पूर्ण वाटभर हाच विचार. घाटात एका ठिकाणी ठरलंसुद्धा होतं की वगळू.

रात्री बसून तक्ता क्रमांक ४ केला. ‘उपायानंतर नव्याने उद्भवलेल्या चुका.’ पहिल्या पानावर टक्केवारी आहे, आणि तिच्या खालच्या ओळीत हाही आकडा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

अंबाजोगाई. सरांनी अहवाल चाळला, तक्ता ४ पाशी थांबले आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसले. “या अकरा चुका किती मुलांच्या?”

मोजलं नव्हतं. तिथेच बसून मोजलं. सात मुलांच्या.

“आणि या सातांचं एकोण कसं आहे?”

पुन्हा मोजलं. सातांपैकी सहांच्या आठही एकोणसंख्या बरोबर. म्हणजे नियम सगळ्यात नीट शिकलेलीच मुलं तो जास्त ताणत आहेत. सर म्हणाले, “मग ही बिघाडाची खूण आहे की शिकण्याची? पुढचा प्रश्न हाच घ्या.” मी म्हटलं, पुढचा कसला सर, हाच संपवते कसाबसा. बसमध्ये मात्र तिकिटाच्या मागे एकतीस-एकोणतीसची जोडी-चाचणी आखत बसले होते.

मार्च

गणितमाळेवर दोन्ही बाजूंचे मणी एकत्र घेतले. त्याची नोंद वेगळी ठेवली आहे, या अहवालात घातली नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

वि-११ आणि त्याची बहीण परत आली. उन्हाने काळवंडलेली, उंच झालेली. अहवाल जाऊन महिना झाला, आता याचा कुठल्या तक्त्यात उपयोग नाही. तरी मधल्या सुट्टीत त्याला पाटी दिली आणि फोनवरचा तोच रेडिओ लावला.

एकोणचाळीस. त्याने ४१ लिहिले. जुलैतही ४१ च होते.

गणितमाळ हाताशी खुंटीला लटकत होती. काढलीच होती, पुन्हा अडकवली.

“कसं लिहिलंस रे?”

एक. दोन. तीन. चार.

“आदी एक म्हन्ती बाई, मंग चाळीस म्हन्ती,” तो म्हणाला, “मधी कायतरी म्हन्ती, ते कळत नाय.”